सांधा बसला का?



मी भोपाळहून बोलतोय. तुमच्यापैकी कोणी बडोद्याहून ऐकत असेल, कोणी हैदराबादहून, कोणी बंगळुरूहून. आजचा माझा विषय पहिल्यांदा ऐकताना पोरखेळ वाटेल, आणि अर्धा तो आहेच. आमच्या गच्चीवरच्या खोलीत बारा फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडवर एक छोटी रेल्वे आहे. तिच्यात सात सांधे आहेत. ते सातही सांधे मोबाइलवरून बदलतात. आज मी त्या सात सांध्यांबद्दल बोलणार आहे. खरं म्हणजे एकाच सांध्याबद्दल, चार नंबरच्या.

सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती जागा. इकडे हिंदीत त्याला काँटा म्हणतात, इंग्रजीत पॉइंट किंवा टर्नआउट, अमेरिकेत स्विच. आमच्या घरात मात्र सांधाच. कारण माझे वडील सांधेवाले होते. आम्ही मूळचे बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईचे. बाबांची सगळी नोकरी इटारसीला गेली. इटारसीला भोपाळ, जबलपूर, नागपूर आणि खंडवा अशा चारी बाजूंनी गाड्या येतात. तिथल्या यार्डात बाबांनी ऊन, पाऊस, थंडी न बघता सांधे बदलले.

सांध्याची रचना सोपी आहे. दोन निमुळती पाती असतात. एक पातं मुख्य रुळाला चिकटतं तेव्हा दुसरं सुटतं. चिकटलेल्या पात्यावरून चाक वळतं. बस, एवढंच. पण चिकटलं म्हणजे पूर्ण चिकटलं पाहिजे. थोडी फट राहिली तर चाकाची कड त्या फटीत शिरते, आणि मग पुढचं सांगायला नको. म्हणून बाबांचा एक प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दार लावलं, गॅस बंद केला, नळ बंद केला, काहीही केलं तरी ते विचारायचे, "सांधा बसला का?" म्हणजे काम केलंस ते ठीक, पण झालं का ते बघितलंस का?

ही छोटी रेल्वे सुरू झाली ती पुण्यामुळे. कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. एका लग्नाला पुण्याला गेलो होतो, तेव्हा बाबांना तिथे नेलं. तासभर हा माणूस कठड्याला धरून उभा होता. सगळी मुलं इंजिनांकडे बघत होती आणि बाबा सांध्यांकडे. परत येताना गाडीत म्हणाले, "आपल्या गच्चीवरची खोली रिकामीच आहे, नाही का?"

तर आम्ही सुरुवात केली. आमचं माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. बाबांनी पहिल्याच दिवशी पट्टी लावली आणि म्हणाले, "हे अरुंद आहे." बरोबर होतं त्यांचं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागलं तर एकोणीसच्या वर जातं. पण बाजारात मिळतात ते रूळ साडेसोळाचेच, म्हणून भारतीय गाड्यांची मॉडेलंही त्यावरच उभी करावी लागतात. बाबांनी ते कसंबसं मान्य केलं.

आता सांधे फिरवायचे कसे? जुनी पद्धत अशी की प्रत्येक सांध्याखाली दोन कॉइलची मोटर, तिला तीन तारा, आणि समोर बटणांची पाटी. सात सांधे म्हणजे टेबलाखाली तारांचं जंजाळ. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. मला ते पटेना. मी म्हटलं, आपण डिजिटल करू.

डिजिटल म्हणजे काय होतं ते थोडक्यात सांगतो. या पद्धतीला डीसीसी म्हणतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत लेन्झ या कंपनीने ती विकसित केली आणि पुढे अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने त्यावरून सगळ्यांसाठी खुलं मानक ठरवलं. कल्पना सुंदर आहे. रुळांतून वीज जाते आणि त्याच विजेतून निरोपही जातो. विजेची दिशा सतत उलटसुलट होत असते. अर्धा फेरा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो एक. १०० किंवा त्याहून जास्त असेल तर तो शून्य. अशा एक-शून्यांचा निरोप बनतो. आधी ओळीने एकांची माळ येते, म्हणजे 'सावधान'. मग पत्ता, म्हणजे कोणासाठी. मग काम, म्हणजे काय करायचं. आणि शेवटी पडताळणीचा आकडा, वाटेत काही बिघडलं नाही ना हे तपासायला. सांध्यांच्या साध्या पत्त्यांत ५११ डीकोडर बसतात, प्रत्येकाला चार सांधे, म्हणजे एकूण २०४४. मला हवे होते सात.

डीकोडर मी घरीच केला. एक छोटा अर्डुइनो, आणि प्रत्येक सांध्याखाली खेळण्यातल्या विमानाला लावतात तशी नऊ ग्रॅमची सर्वो मोटर. मला ती शंभर-सव्वाशेला मिळाली. तिला दर वीस मिलिसेकंदांनी एक ठोका द्यायचा. ठोका एक मिलिसेकंदाचा की दोनचा यावर तिचा हात कुठे थांबेल ते ठरतं. हाताला स्टीलची बारीक तार, ती तार टेबलाच्या भोकातून वर, आणि वर पात्यांना जोडणारी पट्टी. जुन्या लॅपटॉपवर जेएमआरआय नावाचं मोफत सॉफ्टवेअर, आणि मोबाइल त्याला वायफायने जोडलेला. बोट लावलं की टेबलावर सांधा हळूच सरकतो, अगदी खऱ्यासारखा, आणि पडद्यावरची रेघ हिरवी होते. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने एका संध्याकाळी दोनशे वेळा तरी सांधे फिरवले असतील.

बाबा मात्र प्रत्येक गाडी सोडण्याआधी वाकायचे. गुडघ्यावर हात ठेवून, चष्मा वर करून सांध्याकडे बघायचे. मग म्हणायचे, "हं, सोड." एक दिवस पाहुणे आलेले, गाडी तयार, आणि बाबा वाकलेले. मी सगळ्यांसमोर हसून म्हणालो, "बाबा, हे काय यार्ड आहे का? पडद्यावर हिरवं दिसतंय ना!" पाहुणेही हसले. बाबा सरळ उभे राहिले. त्यानंतर ते वाकले नाहीत. विचारायचे तेवढं, "सांधा बसला का?" आणि मी मोबाइल बघून म्हणायचो, "बसला."

मंडळी, हे मी मुद्दाम सांगतोय. पुढची सगळी तांत्रिक गोष्ट या वाक्यातून निघते.

बाबांनी चार महिने खपून एक इंजिन केलं होतं. डब्ल्यूडीएम-२, इटारसी शेडमध्ये असायचं तसं. विकत आणलेल्या चाकांच्या सांगाड्यावर पोस्टकार्डांचं अंग, जाळ्या चहाच्या गाळणीच्या, कठडे तारेचे. दिवाळीत ते पहिल्यांदा पूर्ण फेरी मारणार होतं. मुलीने चार नंबरचा सांधा बदलला. हा सांधा टेबलाच्या कडेपासून जेमतेम चार बोटांवर. बाबांनी विचारलं, "बसला का?" मी पडदा बघितला. हिरवा. "बसला," म्हटलं. मुलीने वेग दिला. इंजिन सांध्यावर आलं, पुढची चाकं एका वाटेला, मागची दुसऱ्या वाटेला, आणि ते कलंडून सरळ खाली फरशीवर.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मुलगी रडायला लागली. बाबांनी आधी तिला जवळ घेतलं. मग तुकडे गोळा केले, रुमालात बांधले. मग ते टेबलापाशी आले, चष्मा वर केला आणि वाकले. पात्याच्या आणि रुळाच्या मधून त्यांनी चिमट्याने एक दाणा काढला. खडीचा दाणा, बाजरीएवढा. माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "मग हिरवं कोणी दिलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण खरं उत्तर होतं, कोणीच नाही.

त्या रात्री मी सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज उघडून बसलो. जेएमआरआयमध्ये प्रत्येक सांध्याच्या दोन स्थिती असतात. एक, हुकूम काय दिला. दुसरी, प्रत्यक्ष काय माहीत आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या लोकांना ठाऊक होतं. पण एक 'डायरेक्ट' नावाची सोय असते. तिच्यात हुकूम दिला की तीच स्थिती 'माहीत आहे' म्हणून धरली जाते. माझे सातही सांधे त्याच सोयीवर होते. म्हणजे पडद्यावरचं हिरवं ही सांध्याची खबर नव्हती. तो माझाच हुकूम होता, मला परत दाखवलेला.

आणि निरोपातला तो पडताळणीचा आकडा? तो फक्त एवढं तपासतो की निरोप धड पोचला. काम झालं का, हे त्याचं काम नाही. साध्या डीसीसीत निरोप एकाच दिशेने जातो. वरून खाली. खालून वर यायचं असेल तर ती वाट वेगळी बांधावी लागते. मी ती बांधलीच नव्हती.

मग मी कामाला लागलो. प्रत्येक सर्वोच्या हाताशी एक मायक्रोस्विच बसवला. हात पूर्ण फिरला की स्विच दाबला जातो आणि लॅपटॉपला खबर मिळते. चार दिवसांत सगळं जोडलं. बाबा दिवाळीनंतर वर आलेच नव्हते. त्यांना आग्रह करून बोलावलं. म्हटलं, "आता बघा. आता खोटं हिरवं येणार नाही."

बाबांनी खिशातून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं. त्याचा तुकडा कापला आणि चार नंबरच्या फटीत धरला. "आता फिरव." मी फिरवला. पातं कार्डावर अडलं, साधी नजर टाकली तरी दिसत होतं. आणि पडदा? हिरवा.

मला घाम फुटला. झालं असं होतं की पातं अडलं तरी ती स्टीलची तार वाकते. सर्वोचा हात खाली पूर्ण फिरतो, स्विच दाबला जातो, सगळं कसं छान. बाबा म्हणाले, "तू मोटरला विचारतोयस. पात्याला विचार."

मग त्यांनी मला समजावलं ते मी तुम्हाला सांगतो. खऱ्या रेल्वेत सांधा फिरवायची मोटर असते, तिची दांडी पात्यांना ढकलते. पण सांधा बसला की नाही हे सांगणाऱ्या दांड्या वेगळ्या असतात. त्या थेट पात्यांना जोडलेल्या असतात. ढकलणारा वेगळा आणि साक्ष देणारा वेगळा. सिग्नलवाले ठरावीक दिवसांनी येऊन पात्याच्या टोकापासून १५० मिलिमीटरवर पाच मिलिमीटर जाडीची पट्टी घालून सांधा फिरवून बघतात. पट्टी असताना सांध्याला कुलूप लागता कामा नये, आणि सिग्नल मिळता कामा नये. मिळाला, तर यंत्रणा नापास. पट्टीने नापास झाली नाही तरच ती पास, अशी ही उलटी परीक्षा. बाबांचं कार्ड म्हणजे तीच पट्टी होती.

दुसऱ्यांदा केलं ते असं. पात्यांना जोडणारी जी आडवी पट्टी असते, तिच्या दोन्ही टोकांना रुळांच्या बाहेर एकेक मायक्रोस्विच. पाती पूर्ण डावीकडे गेली तरच डावा स्विच दाबला जाणार, पूर्ण उजवीकडे तरच उजवा. मधल्या कुठल्याही जागी दोन्ही सुटलेले. सॉफ्टवेअरमध्ये 'दोन सेन्सर' ही सोय निवडली. आता पडद्यावर तीन रंग आले. सरळ, वळण, आणि 'माहीत नाही'. तिसऱ्याला मी पिवळा दिला. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तो पिवळा रंग. आधीच्या पडद्याला 'माहीत नाही' असं म्हणताच येत नव्हतं.

स्विच जुळवता जुळवता कार्डाचा तुकडा पकडण्याइतका बारीक झाला. कार्ड साधारण ०.३ मिलिमीटरचं. मी खुशीत बाबांना सांगितलं. त्यांनी कागदावर ०.३ गुणिले ८७ केलं. सव्वीस मिलिमीटर. "खऱ्या यार्डात तुला घरी पाठवतील," म्हणाले. पण हसत होते. खूप दिवसांनी हसत होते.

आणखी दोन गोष्टी सांगतो, हा छंद कोणी करणार असेल तर उपयोगी पडतील.

पहिली. सांध्यांची वीज रुळांवरून घेऊ नका. ज्या ठिकाणी दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, त्याला फ्रॉग म्हणतात, धातूचा असेल तर सांधा बदलला की त्याचीही वीज बदलावी लागते. गाडी मागच्या बाजूने, न लावलेल्या वाटेवरून आली की तिथे शॉर्ट होतो. शॉर्ट झाला की वीज पुरवणारा बूस्टर स्वतःला वाचवायला बंद पडतो. आता शॉर्ट काढायचा तर सांधा फिरवायला हवा, आणि सांध्याचा डीकोडर त्याच रुळांवर जगतोय, म्हणून तोही बंद. किल्ली आत ठेवून पेटीला कुलूप लावलं, असा प्रकार. म्हणून सांध्यांची वीज आणि त्यांच्या निरोपाची तार, दोन्ही वेगळी ठेवा आणि रुळांच्या फाट्यावर वेगळा सर्किट ब्रेकर लावा. गाड्या थांबल्या तरी सांधे फिरले पाहिजेत.

दुसरी. खबर मिळाली की तिचा उपयोग करा. सांध्याच्या अलीकडच्या दीड फुटाचा एक रूळ मी कापून वेगळा केला. त्याची वीज एका रिलेतून जाते आणि तो रिले त्या दोन मायक्रोस्विचना थेट जोडलेला आहे. दोन्हींपैकी एकही दाबलेला नसेल तर त्या दीड फुटात वीज नाही. इंजिन आपोआप थांबतं. यात लॅपटॉप नाही, वायफाय नाही, मी नाही. मी 'बसला' म्हटलं तरी गाडी पुढे जात नाही.

तुम्ही म्हणाल, खेळण्याच्या गाडीसाठी एवढं कशाला? खरं आहे. पण हे करत असताना दोन खऱ्या घटना माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत.

एक आमच्याच इटारसीची. १७ जून २०१५ ला तिथल्या रूट रिले केबिनला आग लागली. महिन्याहून जास्त काळ शेकडो गाड्या रद्द झाल्या, वळवल्या गेल्या. मी बाबांना विचारलं होतं, एक खोली जळली तर एवढं का अडावं? रूळ तर शाबूत होते, सांधेही. बाबा म्हणाले, "सांधा आहे, पण तो कुठे आहे हे कळणं जळलं." मग माणसांनी सांध्यापाशी जायचं, हाताने फिरवायचा, क्लॅम्प लावायचा, कुलूप घालायचं, डोळ्यांनी बघायचं आणि सांगायचं. गाडी सावकाश जाईल, पण खात्रीने जाईल.

दुसरी घटना तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. २ जून २०२३, ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला होता. सांधा मात्र लूप लाइनकडे लागलेला होता, आणि तिथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुका पुढे आल्या. सांधा एकीकडे होता आणि यंत्रणा त्याची जागा दुसरीकडे दाखवत होती. त्या संध्याकाळी बाबा टीव्हीसमोरून उठले नाहीत. रात्री उशिरा फक्त एवढं म्हणाले, "ड्रायव्हरने हिरव्यावर विश्वास ठेवला. त्याने तोच ठेवायचा असतो."

इटारसीला कळणं बंद पडलं, तर देशभर गैरसोय झाली. बहानग्याला कळणं चुकीचं निघालं, तर माणसं गेली. म्हणजे 'माहीत नाही' म्हणणारी यंत्रणा त्रासदायक असते, पण 'माहीत आहे' असं खोटं सांगणारी त्याहून फार वाईट. माझ्या टेबलावर पोस्टकार्डांचं एक इंजिन पडलं, एवढंच. पण चूक त्याच जातीची होती, आणि ती मी केली होती. बघणाऱ्या माणसाला हसून मी पडद्यावर विश्वास ठेवला.

मी बाबांची माफी मागितली का? शब्दांत नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. सातव्या सांध्याचे स्विच लावताना त्यांना म्हटलं, "बाबा, कार्ड घेऊन या आणि एकेक तपासा. तुम्ही पास केल्याशिवाय गाडी सोडणार नाही." त्यांनी सातही सांधे तपासले. दोन नापास केले. ते मी पुन्हा जुळवले.

इंजिन त्यांनी दुरुस्त केलंय. एका बाजूला पोस्टकार्डाचा जोड दिसतो, तो त्यांनी मुद्दाम रंगवला नाही. बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे वाकणं जमत नाही, खुर्चीत बसून बघतात. मागच्या रविवारी मुलीने चार नंबर फिरवला आणि पडदा पिवळाच राहिला. इंजिन दीड फूट अलीकडे थांबलं. मी उठणार तेवढ्यात तिने मोबाइल बाजूला ठेवला, टॉर्च घेतला आणि टेबलाच्या कडेला वाकली. पात्यापाशी धाग्याची गुंतवळ अडकली होती. ती काढली, सांधा पुन्हा फिरवला, पुन्हा वाकून बघितलं.

मागून बाबांनी विचारलं, "सांधा बसला का?"

ती म्हणाली, "आजोबा, मी बघितलाय. बसला."

"हं. मग सोड."